सीईटी की जेईई? आधी कॉलेजांची नावं लिहा

निकालांची धामधूम ओसरली की या सदराकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांहून येतो: मुलाने कोणती प्रवेश परीक्षा द्यायची, राज्याची सीईटी की देशपातळीवरची जेईई? मी साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर प्रवेशाच्या दिवसांत सुविधा केंद्रावर कागदपत्रं तपासायला बसते. त्यामुळे माझी उत्तरं गणिताच्या बाईंची असतात आणि थोडी कारकुनाचीही. यावेळी चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला बरीच जागा दिली, कारण त्याच आशयाची पत्रं सगळ्यात जास्त आली आहेत.

प्रश्न: मॅडम, मुलगी यंदा बारावी सायन्सला गेली. राज्य मंडळ. दहावीला ९३ टक्के होते, अकरावीला जरा घसरली. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं म्हणते. आम्ही ओबीसी, मिस्टरांचं हार्डवेअरचं छोटं दुकान आणि दोन एकर ऊस. क्लासचे सर म्हणतात, "जेईईच्या बॅचला घाला, जेईई केली की सीईटी आपोआप होते." त्या बॅचची फी साध्या बॅचच्या दुप्पट आहे. मिस्टर म्हणतात, सीईटी बास झाली. मुलगी म्हणते, दोन्ही देते. कोणाचं ऐकू? (एक आई, कराड)

उत्तर: ताई, फॉर्म भरण्यापुरतं मुलीचं ऐका आणि फी भरण्यापुरतं मिस्टरांचं. सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल खाली लिहिते.

त्याआधी एक काम करा. आज जेवणं उरकली की वहीचं एक पान घ्या आणि कोणत्या कॉलेजात शिकायला आवडेल ते तिला लिहायला सांगा. "चांगलं कॉलेज" असं लिहिलेलं चालणार नाही, नाव हवं. पानावर तुमच्याच गावचं शासकीय अभियांत्रिकी, सांगलीचं वालचंद, पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय किंवा पुण्यातली खासगी कॉलेजं आली, तर तिची परीक्षा सीईटी. नागपूरचं व्हीएनआयटी, पुण्याची किंवा नागपूरची ट्रिपल आयटी, सुरतकलचं एनआयटी आलं, तर जेईई मेन. आयआयटी आलं, तर जेईई मेनमधून पहिल्या अडीच लाखांत येऊन पुन्हा जेईई अ‍ॅडव्हान्स्ड. अशी पानं मी पुष्कळ पाहिली आहेत. आपल्या भागातल्या मुलांच्या पानावर दहातली आठ-नऊ नावं सीईटीची असतात आणि क्लास मात्र जेईईचा लावलेला असतो.

आता सरांचं "आपोआप". भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणिताचा गाभा दोन्हीकडे एकच, एवढं खरं. पण २०२४मध्ये जेईई मेनचा अभ्यासक्रम छाटला गेला आणि त्यात जे गेलं त्यातलं बरंच सीईटीला आहे. तिच्या बारावीच्या गणिताच्या पुस्तकातला पहिलाच धडा मॅथेमॅटिकल लॉजिक आणि रसायनशास्त्रातला पहिलाच सॉलिड स्टेट. दोन्ही जेईईत नाहीत. पॉलिमर नाही, लिनिअर प्रोग्रॅमिंगही नाही. हे धडे सोपे, हमखास मार्कांचे. निव्वळ जेईईच्या बॅचमध्ये ते "नंतर बघू" म्हणून राहतात.

दुसरी गोष्ट वेग. सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. मग गणिताचे ५० प्रश्न, पुन्हा ९० मिनिटं, प्रत्येकी २ गुण. एकूण २०० गुण. जेईई मेनला ७५ प्रश्न आणि तीन तास, म्हणजे प्रश्नामागे जवळजवळ अडीच मिनिटं. ३०० गुण, बरोबरला ४, चुकलं तर १ वजा.

वर्गातलं उदाहरण देते, मुलीला दाखवा. शून्य ते पाय बाय टू या मर्यादांत इंटिग्रेशन करायचं आहे. वर साइन एक्सचं वर्गमूळ, खाली साइन एक्सचं वर्गमूळ अधिक कॉस एक्सचं वर्गमूळ. एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स घातलं की साइनचा कॉस होतो. मूळचं आणि बदललेलं अशी दोन्ही रूपं मिळवली की अपूर्णांक जाऊन १ उरतो. म्हणजे उत्तर दोन मर्यादांमधल्या अंतराच्या निम्मं, पाय बाय फोर. सीईटीवाल्या मुलीने यात पेन उचलायचं नाही; प्रश्नाचं रूप ओळखायचं, पर्यायावर क्लिक करायचं, पुढे जायचं. जेईई हीच युक्ती वेष बदलून विचारते: मर्यादा उणे पाय बाय टू ते पाय बाय टू, वर कॉस वर्ग एक्स, खाली १ अधिक ३चा एक्सावा घात. इथे एक्सच्या जागी उणे एक्स घालायचं हे सुचावं लागतं. सुचलं की तीनचा घात नाहीसा होतो आणि उत्तर पुन्हा पाय बाय फोरच येतं. मला दोन्ही प्रश्न आवडतात. पण दुसऱ्या प्रश्नावर वाढलेलं मूल पहिल्यापाशीही दोन मिनिटं रेंगाळतं, खाली काही दडलंय का ते शोधत बसतं. सीईटीत तिथेच मार्क जातात.

आणखी एक. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही. एकही प्रश्न कोरा ठेवणं म्हणजे पैसे रस्त्यावर टाकणं. तरी जेईईच्या सवयीची मुलं पाच-सात प्रश्न कोरे सोडून येतात! आणि जेईईतसुद्धा चार पर्यायांच्या प्रश्नात डोळे मिटून खूण केली तरी हिशेब सरासरीने प्रश्नामागे पाव गुणाने फायद्याचा आहे. दोन पर्याय खोडता आले तर दीड गुणाने. मुलं गणित शिकतात, पण स्वतःच्या मार्कांना लावत नाहीत. जेईईतल्या संख्या लिहायच्या प्रश्नांना मात्र अंदाज नको. तिथेही आता चुकीला १ वजा होतो.

पैशाचं. ही गोष्ट क्लासमध्ये कोणी सांगत नाही. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी, की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी गेली. अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठंही यात बसत नाहीत. तुमच्या घराला सीईटीतला चांगला पर्सेंटाइल किती रुपयांचा आहे ते यावरून मिस्टरांनाच काढू द्या. दुकानदार माणसाला दोन मिनिटं लागतील.

तरीही जेईई मेनचा फॉर्म भरायला मी सांगते. व्हीएनआयटीतल्या निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात, तो दरवाजा आपल्या हाताने का लावून घ्यायचा? शिवाय जानेवारीचं सत्र कॉम्प्युटरवर तीन तास बसण्याची खरीखुरी तालीम आहे आणि प्रश्नपत्रिका मराठीतूनही मागता येते. मात्र जानेवारीअखेर बारावीची प्रात्यक्षिकं सुरू होतात. तारखा एकमेकींवर आल्या तर कॉलेजला आधी लेखी कळवा. एप्रिलचं सत्र जानेवारीचे मार्क बघून ठरवा. त्या दिवसांत बोर्ड संपून सीईटी तोंडावर आलेली असते. सीईटीसुद्धा २०२६पासून दोनदा घ्यायचं ठरलं आहे, तेव्हा एका दिवसावर सगळं अवलंबून असल्याची धास्ती थोडी कमी झाली.

दुप्पट फीची बॅच घेऊ नका. साधी बॅच आणि दिवाळीनंतर दर रविवारी घड्याळ लावून एक पूर्ण सीईटी पेपर, एवढं पुरे.

आता माझ्यातली कारकून बोलते. जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज अजून केला नसेल तर तो या महिन्यात कॉलेजमार्फत करा. नॉन-क्रिमीलेअर ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्याच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. केंद्राच्या, म्हणजे एनआयटीच्या प्रवेशाला ओबीसीचं प्रमाणपत्र वेगळ्या, केंद्राच्या नमुन्यात लागतं आणि तुमची जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. राज्याच्या यादीत आहे म्हणून तिकडेही असेलच असं नाही. दरवर्षी जुलैमध्ये माझ्या टेबलासमोर ९७ पर्सेंटाइलची मुलगी आणि रडवेले वडील उभे असतात. मार्क असतात, वैधता नसते, आणि मुलगी ओपनमध्ये जाते.

प्रश्न: मॅम, मी सीबीएसईचा, नाशिकला असतो. दोन वर्षं जेईई करतोय, मॉक टेस्टला ९० पर्सेंटाइलच्या आसपास येतात. सगळे म्हणतात सीईटी सोपी असते. जेईईचं एप्रिलचं सत्र झालं की दोन आठवड्यांत उरकेल का? आणि जेईईला ९० म्हणजे सीईटीला ९८ तरी धरू ना? (बारावीतला एक विद्यार्थी)

उत्तर: अरे, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. पर्सेंटाइल म्हणजे तुझ्या सत्रात बसलेल्यांपैकी किती टक्के तुझ्याइतके किंवा तुझ्या मागे. मागे कोण आहे ते महत्त्वाचं. जेईई मेनला २०२५मध्ये चौदा लाखांहून जास्त मुलं बसली. तिथे ९० म्हणजे तुझ्या पुढे जवळपास दीड लाख. सीईटीच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गटाला त्याच वर्षी चार लाखांहून थोडी जास्त. तिथे ९० म्हणजे पुढे चाळीसेक हजार. गर्दी वेगळी, पेपर वेगळा. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करून देणारे तक्ते इंटरनेटवर फिरतात, त्यांच्या नादी लागू नकोस. मॉक टेस्टचा पर्सेंटाइल तर त्या क्लासच्या मुलांपुरता असतो.

"सोपी" हा शब्द फसवा आहे. पेपर सोपा की सगळ्यांना सोपा, मग एकेका मार्कावर शेकडो मुलं दाटीवाटीने बसलेली असतात आणि दोन चुका महागात पडतात.

तुझी खरी अडचण वेगळीच आहे. सीईटीचे सुमारे ८० टक्के प्रश्न राज्य मंडळाच्या बारावीवर असतात, २० टक्के अकरावीच्या ठरावीक धड्यांवर. आणि राज्य मंडळाची बारावी म्हणजे तुझी बारावी नव्हे. रोटेशनल डायनॅमिक्स, फ्लुइड्स, कायनेटिक थिअरी, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स, वेव्ह्‌ज हे तू अकरावीत करून मागे टाकलंस. राज्य मंडळाच्या बारावी फिजिक्सच्या १६ धड्यांपैकी पहिले सहा हेच आहेत! तुझ्या डोक्यात हे धडे "अकरावी, कमी वेटेज" म्हणून बसले असतील तर ते आजच काढून टाक.

बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. डिसेंबरच्या सुट्टीत गणित, फिजिक्स, केमिस्ट्रीची अनुक्रमणिका तुझ्या एनसीईआरटीच्या पुस्तकांशेजारी ठेव आणि जे तुझ्याकडे नाही त्याची यादी कर. पानभरसुद्धा होणार नाही. ते धडे तेव्हाच संपव. मग एप्रिलनंतरचे दोन आठवडे फक्त वेगासाठी ठेव. तेवढे तुला पुरतील. नुसते दोन आठवडे, पुस्तक न उघडता, हा बेत मला पसंत नाही.

सीईटी सोडू नकोस, हे मात्र नक्की. खासगी विनाअनुदानित कॉलेजांत १५ टक्के अखिल भारतीय जागा असतात, त्यांत जेईई मेनला पहिला मान. राज्याच्या जागांवर सीईटीवाले आधी. दोन्ही गुण हातात असले की दोन्ही याद्यांत नाव लागतं. २०१४ आणि २०१५ साली राज्याने इंजिनिअरिंगला सीईटी बंद करून बारावीचे आणि जेईईचे गुण निम्मे-निम्मे धरले होते. २०१६ला सीईटी परत आली. तेव्हाच्या मुलांना एका परीक्षेत दोन्हीकडचा निकाल लागायचा. तुझ्या नशिबी दोन हॉल तिकिटं आहेत.

प्रश्न: मुलीला डॉक्टर व्हायचं आहे. सीईटीचा पीसीबी गट भरला तर नीटमध्ये कमी पडल्यास एमबीबीएससाठी उपयोग होईल का? की पीसीएमही भरून ठेवू? गणित घेतलेलं आहे. (एक पालक, लातूर)

उत्तर: नाही. एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी हे सगळं नीटवरच. पीसीबीची, म्हणजे गणिताऐवजी जीवशास्त्राची, सीईटी फार्मसी आणि कृषी अभ्यासक्रमांसाठी. फार्मसीला पीसीएमही चालते.

पीसीबी जरूर भरा; नीटच्या अभ्यासातच तिची तयारी होते, फक्त राज्य मंडळाचं जीवशास्त्राचं पुस्तक एकदा वाचायला लावा. पीसीएमचं तिला विचारा. इंजिनिअरिंग करायची तयारी असेल तर भरा. "असू दे" म्हणून भरू नका. तेवढ्यासाठी नीटच्या ऐन तोंडावर गणित काढून बसावं लागतं. दोन्ही गटांचे पर्सेंटाइल वेगवेगळे लागतात, एकाचा दुसऱ्याला आधार मिळत नाही.

प्रश्न: आम्ही मूळचे चिपळूणचे, नोकरीनिमित्त मस्कतला. मुलगा अकरावीला, इंडियन स्कूल, सीबीएसई. अमेरिकेचा विचार आहे, पण खर्च बघता भारतही सोडवत नाही. सॅट, एसीटी आणि जेईई, तिन्ही होणं शक्य नाही. काय निवडावं? (एक वडील, मस्कत)

उत्तर: दादा, तिन्ही नकोतच. सॅट आणि एसीटीपैकी एक पुरते, अमेरिकेतली विद्यापीठं दोन्ही सारख्याच मानतात. कोणती, हे एका आठवड्याच्या सुट्टीत घरी ठरवता येईल. दोन्हींच्या नमुना परीक्षा त्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवर फुकट आहेत. एक शुक्रवारी द्यायला लावा, दुसरी शनिवारी. घड्याळ लावूनच.

सॅट आता पूर्ण कॉम्प्युटरवर असते, २ तास १४ मिनिटांची, १६०० गुणांपैकी. इंग्रजीत छोटे-छोटे परिच्छेद आणि प्रत्येकावर एकच प्रश्न. गणिताला ७० मिनिटांत ४४ प्रश्न, पडद्यावरच आलेख काढणारा कॅल्क्युलेटर. प्रत्येक विषयाचे दोन भाग. पहिला भाग चांगला गेला की दुसरा अवघड येतो, त्यामुळे "दुसरा भाग कठीण गेला" म्हणून मुलगा खट्टू होऊन बाहेर आला तर काळजी करू नका. एसीटी ३६ पैकी. तिची २०२५मध्ये काटछाट झाली आणि विज्ञानाचा भाग ऐच्छिक झाला. तरी गणितात ५० मिनिटांत ४५ प्रश्न आणि वाचनाचे उतारे लांबच लांब. निगेटिव्ह मार्किंग दोन्हींत नाही.

माझा कल सॅटकडे. भारतीय शाळेतल्या मुलाला गणिताची धास्ती नसते. तिथलं बरंचसं गणित आपल्या दहावी-अकरावीचं. तो अडतो इंग्रजीत, आणि लांब उताऱ्यापेक्षा छोटा परिच्छेद त्याला झेपतो. तुमचा मुलगा जाडजूड इंग्रजी पुस्तकं भराभर वाचणारा असेल तर हे उलटं धरा.

परीक्षा द्यायचीच का, हे विद्यापीठावर आहे. एमआयटीने २०२२मध्ये गुण पुन्हा सक्तीचे केले, हार्वर्ड आणि डार्टमथ यांनी २०२४मध्ये तसं जाहीर केलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे सगळ्या शाखा गुण बघतच नाहीत. तेव्हा तुम्हीही वहीचं पान काढा. कराडच्या ताईंना सांगितलेलं काम तुम्हालाही लागू आहे.

भारतासाठी जेईई मेन. परदेशातल्या मुलांना एनआयटीत घेणाऱ्या डासा योजनेत पूर्वी सॅटचे विषयवार पेपर चालत. ते पेपर २०२१मध्ये बंद झाले, आता जेईई मेनचाच क्रमांक बघतात. परीक्षेचं केंद्र मस्कतमध्ये आहे. आखाती देशांत काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी या योजनेत वेगळा गट आहे आणि त्याला फी बरीच कमी पडते. महाराष्ट्रातल्या कॉलेजांतही परदेशी नागरिक, परदेशातली भारतीय वंशाची मुलं आणि आखातातल्या भारतीयांची मुलं यांच्यासाठी असलेल्या जादा १५ टक्के जागांपैकी एक तृतीयांश याच आखाती गटाला. या सगळ्यासाठी तुमचा नोकरीचा दाखला आणि रहिवासी व्हिसा लागतो. दोन्हींवरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतंय ना, ते आत्ताच बघा. आपल्याकडे आडनाव आधी लिहायची सवय आणि तिकडे वडिलांचं नाव मध्ये घुसलेलं, यात अर्ज अडकतात.

अकरावीच्या उन्हाळ्यात सॅट उरकून घ्या आणि बारावीचं वर्ष जेईईला मोकळं ठेवा. उलटा क्रम लावलात तर दोन्ही अर्धवट राहतील.